जुना टेम्पो घेताना

श्रोतेहो, बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. मगच दावे हाती घेतो. मग जुना टेम्पो नुसता रंग पाहून का घ्यावा? २००५ साली आलेला टाटांचा ‘एस’, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, घ्यायचा असला तरी रीत तीच.

गाडी पाहायला सकाळी जा. इंजिन गार असतानाच आपल्यासमोर सुरू करायला लावा. तापलेले इंजिन दोष झाकते. धूर निळसर आला तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबेचना, तर सिलिंडरात पाणी शिरत असावे. खाली वाकून चासीला तडा वा जोड आहे का, ते बघा. मग ओझे घालून चढावर चालवा. रिकामी गाडी काय, कोणतीही पळते!

आता कागद. चासीचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. सातबारावर असतो तसा गाडीवरही कर्जाचा बोजा असतो, आणि त्याची नोंद आरसीत असते. तो उतरल्याशिवाय इसार देऊ नका. हप्ते थकलेली गाडी तुमच्या दारातूनही ओढून नेतील, आणि हंगामाची कमाई तिच्याबरोबर जाईल.