तांबें आणि कर्बतंतु

न्हाणीघरांतील बंब तांब्याचा करण्यांत पूर्वीच्या लोकांनीं मोठें शहाणपण दाखविलें होतें. विस्तवाची ऊब पाण्यास झटकन पोंचविणारा तांब्यासारखा धातु विरळाच. चांदी या गुणांत किंचित् पुढें आहे. पण चांदीचा बंब कोणास परवडणार? हेंच तांबें आज विजेच्या सूक्ष्म उपकरणांतील उष्णता बाहेर काढण्याच्या कामीं योजिलें जातें. तेथें मात्र त्याचा एक दोष आड येतो, आणि तो घालविण्यासाठीं त्याची सोयरीक कोळशाच्याच कुळांतील बारीक धाग्यांशीं, म्हणजे कर्बतंतूंशीं, जुळवितात.

संगणकांत किंवा आगगाडीच्या विजेच्या एंजिनांत सिलिकॉनच्या लहान चकत्या काम करीत असतात. त्यांसच चिप म्हणतात. त्यांतून वीज वाहते तेव्हां तिचा कांहीं अंश उष्णतेच्या रूपानें वायां जातो. घरगुती इस्त्रीच्या तळांतून दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ५ वॅट उष्णता निघते. शक्तिशाली चिपमध्यें तेवढ्याच जागेंतून १०० वॅट, व कधीं त्याहूनही अधिक निघते. ती तत्काळ दूर नेली नाहीं तर चिप निकामी होते. म्हणून चिपखालीं धातूचा जाड पत्रा झाळून बसवितात. पत्र्यानें उष्णता पसरवावी व पुढें वाऱ्यास किंवा पाण्यास द्यावी, अशी ही योजना आहे.

आतां तांब्याचा दोष कोणता? लोहार गाडीच्या चाकावर लोखंडी धांव तापवून चढवितो, कारण तापलेला धातु फुगतो आणि निवतांना आंवळतो. तांबें लोखंडाहूनही अधिक फुगतें. उष्णमान एका अंशानें वाढलें कीं तांब्याची लांबी दशलक्षांत १७ भागांनीं वाढते, सिलिकॉनची अवघी २.६ भागांनीं. चिपची लांबी १० मिलिमीटर व उष्णमानाची वाढ ८० अंश धरली, तर तिच्याखालचें तांबें १३.६ मायक्रोमीटर वाढूं पाहतें आणि चिप जेमतेम २. हा फरक केसाच्या जाडीहूनही थोडा. पण यंत्र जितक्या वेळां सुरू व बंद होतें तितक्या वेळां झाळीस हा ताण सोसावा लागतो. तार पुनःपुन्हां वांकविली कीं तुटते. त्याचप्रमाणें झाळीला हळूहळू भेगा पडतात. भेगांमुळें उष्णतेची वाट अडते, चिप अधिकच तापते, आणि अखेर यंत्र बंद पडतें.

यावर जुना उपाय म्हणजे तांब्यांत टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम मिसळणें. प्रसरण त्यानें कमी होतें, पण वाहकताही घटते. शिवाय टंगस्टन पाण्याच्या १९ पट जड असल्यानें विमानांत व उपग्रहांत हा भार खपत नाहीं.

कर्बतंतूंचें महत्त्व येथें आहे. १९५८ सालीं अमेरिकेंतील रॉजर बेकन यांनीं ग्राफाइटचे अत्यंत बळकट सूक्ष्म तंतु तयार करून दाखविले. पुढें डांबरासारख्या पदार्थापासून काढलेल्या तंतूंत एक विशेष गुण आढळला. यांतील उत्तम जातींची लांबीच्या दिशेनें उष्णतावाहकता ८०० वॅट प्रति मीटर प्रति अंश, म्हणजे तांब्याच्या दुप्पट, असते. आणखी नवल असें कीं, तापविल्यावर ते लांबींत वाढत नाहींत. उलट किंचित् आंखडतात. फुगूं पाहणाऱ्या तांब्यास ते आंतून आवरून धरतात.

परंतु तंतूचा हा गुण लांबीपुरताच आहे. आडव्या दिशेनें तो उष्णता फारच थोडी नेतो. लांकूड शिरेच्या बाजूनें सहज फुटतें व आडवें फुटत नाहीं, तशीच ही दिशेची बाब आहे. सारे तंतु एकाच दिशेनें ठेवले तर त्या दिशेनें लाभ होतो आणि इतर दिशांनीं तोटा. म्हणून पुष्कळदां आंखूड तंतु पत्र्याच्या पातळींत सर्व बाजूंस पसरवितात. त्यांचें प्रमाण शेंकडा ४० ठेवलें तर प्रसरण १७ वरून १० च्या आसपास येतें, आणि वजन तांब्याच्या सुमारें सात-दशांश होतें. मात्र जाडीच्या दिशेनें वाहकता बरीच घटते. ती निम्म्यावरही येऊं शकते.

दुसरी अडचण या सोयरिकीचीच आहे. अळूच्या पानावर पाणी ठरत नाहीं, तसें वितळलेलें तांबें कर्बावर पसरत नाहीं. त्याचे थेंब होतात. कल्हईवाला नवसागर टाकल्यावांचून कथील भांड्यास धरत नाहीं. येथेंही मध्यस्थ लागतो. तांब्यांत थोडें क्रोमियम, टायटॅनियम किंवा बोरॉन मिसळलें कीं तें कर्बाशीं संयोग पावून पातळ थर बनवितें आणि दोघांस जोडतें. हा थर जाड झाला तर तोच उष्णतेस अडवितो. दुसरी रीत अशी कीं, तंतूंवर रासायनिक क्रियेनें तांब्याचा मुलामा चढवावा आणि मग ते तापवून, पण तांबें वितळूं न देतां, दाबून एकजीव करावे.

हें सर्व करण्यास खर्च फार येतो, म्हणून साध्या यंत्रांत अजून शुद्ध तांबें किंवा ॲल्युमिनियमच वापरलें जातें. जेथें दुरुस्तीस माणूस पोंचूं शकत नाहीं, किंवा एका झाळीच्या भेगेनें सारी गाडी वाटेंत अडकून पडेल, तेथें मात्र हा खर्च सार्थकीं लागतो. उत्तम वाहक म्हणून तांबें एकटें श्रेष्ठ खरें. पण शेजाऱ्याबरोबर वर्षानुवर्षें नांदावयाचें असेल तर त्यास आपलें फुगणें आवरावें लागतें, आणि तें आवरण्याचें काम काळा कर्बतंतु करतो.