कांडीला मुळे कशी फुटतात?



आजोबांनी लावलेले अंजिराचे झाड थकले की जीव हळहळतो. आपल्याकडच्या अंजिराच्या बिया बहुधा पोकळ असतात, त्या पेरून उगवत नाहीत. मग ते वाण राखायचे कसे? त्याच झाडाच्या कांडीपासून, म्हणजे छाट कलमाने. पुरंदरकडचे बागाईतदार हे जाणतात.

पानगळ झाल्यावर, डोळे फुटण्यापूर्वी, निरोगी फांदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर कांडी घ्या. तिला ३-४ डोळे हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सरळ द्या. वरचा तिरपा द्या, म्हणजे खालवर चुकणार नाही. मुळे फोडणारे द्रव्य फुटणाऱ्या डोळ्यांत तयार होते व खालच्या टोकाकडे उतरते. कुणी मध लावतात, कुणी कोरफड. लावा हवी तर. पण खरे औषध कांडीच्या पोटातच आहे. ती सुकू नये अन् कुजूही नये, एवढेच आपले काम.

म्हणून निम्मी वाळू, निम्मी माती घ्या. खालचे दोन डोळे मातीत दाबा, वरच्या कापाला शेणमाती लावा. कुंडी सावलीत ठेवा. ओल राखा, चिखल नको.

पाने फुटली म्हणजे मुळे आलीच, असे समजू नका. पहिली पाने कांडीतल्या शिदोरीवर फुटतात. उपटून तर मुळीच पाहू नका. दोनेक महिने धीर धरा.

गुरुजी, शाळेत एक कांडी सुलटी, एक उलटी लावा. पुढचा धडा मुलेच सांगतील.