खड्डा चालत जातो
वाळू उपसा, पूल, जॅकवेल आणि जमिनीखालच्या वाहिन्या

वाळूघाटाचा लिलाव होतो तेव्हा कागदावर गट क्रमांक असतो, लांबी-रुंदी असते, किती खोल खणायचं आणि किती ब्रास उचलायचे तेही लिहिलेलं असतं. (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.) नकाशावरचा हा चौकोन जागचा हलत नाही. नदीत खणलेला खड्डा मात्र हलतो. पहिला मोठा पूर आला की तो वरच्या अंगाला सरकू लागतो आणि वाटेत जे उभं किंवा पुरलेलं असेल त्याच्याखालचा तळ काढून घेतो, मग तो पुलाचा पिअर असो, गावच्या नळयोजनेची जॅकवेल असो, बंधारा असो की गॅसची पाइपलाइन.

वाळूविषयी आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक चोरी, महसूल आणि भाव यांबद्दल. ते महत्त्वाचं आहेच. पण परवान्यानं केलेला उपसाही चुकीच्या जागी झाला तर पूल पाडू शकतो. नदीला परवाना कळत नाही, म्हणून इथे फक्त तळाबद्दल आणि त्यावर भरवसा ठेवून बांधलेल्या गोष्टींबद्दल लिहितो आहे.

खड्डा वर कसा सरकतो

पात्रात खोल खड्डा केला की त्याच्या वरच्या कडेला पायरी तयार होते. वाहतं पाणी त्या पायरीवरून उतरताना वेग घेतं आणि कड खरवडून काढतं. कड थोडी मागे सरते, तिथे पुन्हा पायरी होते, पुन्हा खरवड होते. पाण्याखाली लपलेला एक छोटा धबधबा उगमाच्या दिशेनं चालत जावा, तसा हा प्रकार असतो. वरून काहीही दिसत नाही. पूर ओसरल्यावर पात्र एकसारखं वाटतं, कारण खड्ड्यात गाळ येऊन बसलेला असतो. तो गाळ वरच्या भागातूनच आलेला असतो.

खालच्या अंगाला वेगळंच घडतं. वाहून येणारी वाळू खड्ड्यातच अडकते आणि पुढे जाणाऱ्या पाण्याकडे वाळूचं ओझं उरत नाही. असं पाणी ती भूक तळ आणि काठ कुरतडून भागवतं. अमेरिकी भूरूपशास्त्रज्ञ मॅथायस कॉन्डॉल्फ यांच्या १९९७ सालच्या निबंधाच्या शीर्षकातच 'भुकेलं पाणी' हे शब्द आहेत. धरणाखाली जे होतं, तेच वाळूच्या खड्ड्याखालीही होतं.

ह्यूस्टनजवळचा ऑक्टोबर

पुरलेल्या वाहिन्यांचं काय होऊ शकतं, याचा नीट नोंदलेला दाखला अमेरिकेतला आहे. टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळून सॅन हसिंतो नदी वाहते. तिच्या पूरमैदानाखालून तेल, पेट्रोल, डिझेल आणि गॅसच्या कितीतरी वाहिन्या जातात. ऑक्टोबर १९९४ मध्ये तिला महापूर आला. काठच्या सपाटीवर पूर्वी वाळू काढलेले खड्डे होते. नदीनं आपलं वळण सोडलं आणि या भागातून नवी वाट फोडली. नव्या प्रवाहांपैकी सर्वांत मोठा सुमारे ५१० फूट रुंद आणि १५ फूट खोल होता.

त्या पुरात ८ वाहिन्या फुटल्या आणि आणखी २९ वाहिन्यांखालची माती निघून गेली. ३५,००० बॅरलहून अधिक तेल आणि इंधन नदीत गेलं, ते पेटलं आणि पाण्यावर आग वाहत राहिली. भाजल्यामुळे आणि धुरामुळे साडेपाचशेच्या आसपास माणसांना इजा झाली. बहुतेकांची इजा किरकोळ होती, हे नशीबच.

यातले दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मोठं जलपात्र ओलांडताना पाइपवर बांधणीच्या वेळी ४८ इंच माती असावी, असा तिथला नियम. म्हणजे ४ फूट. आणि नवा प्रवाह १५ फूट खोल. शिवाय तो फुटला तिथे बांधणीच्या वेळी नदी नव्हतीच, साधी जमीन होती. तिथल्या पाइपला नदीखालून जाण्याची तयारी कोणी केलेली नव्हती आणि करण्याचं कारणही नव्हतं. म्हणून माझं मत असं, की काठावरचे खड्डे पात्रातल्या खड्ड्यांइतकेच जपून मोजायला हवेत. 'पात्राबाहेर आहे, नदीला काय त्रास' हे बोलणं पुरापर्यंतच टिकतं.

पूल: पायाला धरून ठेवणारी वाळू

पिअर फक्त खालच्या खडकावर किंवा थरावर टेकलेला नसतो. भोवतीची वाळू त्याला बाजूनं धरून ठेवते. पूल आखताना पुरात तळ किती खरवडला जाईल, याचा हिशेब करतात. आपल्याकडच्या संकेतांत पिअरपाशी ही खोली सरासरी खरवडीच्या दुप्पट धरतात आणि पाया त्याहूनही खाली नेतात. हा हिशेब नैसर्गिक तळ गृहीत धरून केलेला असतो. त्या तळातून २-३ मीटर वाळू काढली, की राखून ठेवलेली सुरक्षितता पूर येण्याआधीच खर्च झालेली असते.

पोर्तुगालमध्ये डोरू नदीवरचा हिन्त्झे रिबैरो पूल ४ मार्च २००१ च्या रात्री कोसळला. पिअरखालचा तळ गेला होता आणि त्यामागे वर्षानुवर्षांचा वाळू उपसा हे मोठं कारण होतं. एक बस आणि मोटारी नदीत गेल्या, ५९ माणसं दगावली. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मंत्र्यांनी राजीनामा दिला. आपल्याला महाडची २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवते. सावित्रीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्यांसह वाहनं वाहून गेली. तिथे वाळू उपशाकडेही बोट दाखवलं गेलं. त्या दुर्घटनेला एकच कारण चिकटवणं बरोबर नाही. पूल जुना होता, पूर मोठा होता. पण जुन्या पुलाखालचा तळ मोजत राहणं किती गरजेचं आहे, हे त्या रात्रीनंतर वेगळं सांगायला नको.

जॅकवेल कोरडी का पडते

हे नुकसान हळू होतं, म्हणून त्याकडे लक्ष जात नाही. नदीकाठच्या गावाची नळयोजना जॅकवेलवर किंवा पात्रातल्या विहिरीवर चालते. पाणी आत घेणारी भोकं ठरावीक उंचीवर असतात. तळ दीड मीटरनं खाली गेला, की उन्हाळ्यातली पाण्याची पातळीही खाली जाते, भोकं उघडी पडतात आणि पंप हवा ओढतो. वाळू गाळण्याचं काम करते आणि पाणीही साठवून ठेवते. ती गेली की पाणी गढूळ येतं आणि आजूबाजूच्या विहिरी लवकर आटतात. मग गावाला चाऱ्या खणाव्या लागतात, नवी विहीर बांधावी लागते, टँकर मागवावा लागतो. वाळूच्या स्वामित्वधनात हा खर्च कुठेच धरलेला नसतो.

ट्रकखाली आणि पोकलेनपुढे

सगळाच धोका नदीतून येत नाही. वाळूचा दहा चाकी हायवा नियमाप्रमाणे भरला तरी २८.५ टनांचा असतो. घाटावरून डांबरी रस्त्यापर्यंत केलेल्या कच्च्या वाटेखालून दोन-तीन फुटांवर नळयोजनेची पीव्हीसी वाहिनी जात असेल, तर रोजच्या शंभर खेपांनी तिचे सांधे निखळतात. ओलांडायची जागा एकच ठरवून तिथे भर घालणं, जाड लोखंडी पत्रे किंवा स्लॅब टाकणं, एवढ्यानं हे टळतं. विजेच्या तारांखाली हौदा उचलायचा नाही, हेही लागलीच सांगून ठेवतो.

काठाच्या खड्ड्यांत एक फसवी गोष्ट असते. ओली वाळू उभी कापली तरी काही दिवस भिंतीसारखी टिकते, कारण कणांमधलं थोडं पाणी त्यांना धरून ठेवतं. ती सुकली किंवा पूर्ण भिजली की एकदम ढासळते. कोरडी वाळू साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावरच स्थिर राहते. म्हणून विजेचा खांब किंवा घर यांचं अंतर आजच्या उभ्या कडेपासून मोजू नये. उतार मोकळा झाल्यावर कड जिथवर येईल, तिथून मोजावं.

नियम काय म्हणतो

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पूल किंवा पाणी घेण्याची जागा यांच्या वरच्या अंगाला स्पॅनच्या पाचपट आणि खालच्या अंगाला दहापट अंतर सोडायचं असतं. ते वर किमान २५० मीटर आणि खाली किमान ५०० मीटर हवं. खाली दुप्पट का, याचं उत्तर सुरुवातीलाच आलं आहे: पुलाच्या खाली खणलेला खड्डा चालत पुलाकडे येतो. खोली ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी ते. काठापासून पात्राच्या रुंदीच्या पाव भागाइतकी जागा, किमान ७.५ मीटर, सोडायची. पावसाळ्यात उपसा बंद.

तेल-गॅसच्या वाहिन्यांना १९६२ चा पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायदा लागू आहे. जमीन शेतकऱ्याचीच राहते, पीकही घेता येतं, पण त्या पट्ट्यात इमारत, विहीर किंवा तळं करता येत नाही. जिथे विहिरीला मनाई आहे, तिथून मुरूम काढण्याचा प्रश्नच उरत नाही.

खणण्याआधी

घाट ठरवतानाच तहसील, बांधकाम, पाटबंधारे, पाणीपुरवठा, महावितरण, पाइपलाइन कंपनी आणि दूरसंचार कंपन्यांची संयुक्त पाहणी व्हावी. २०२३ मध्ये दूरसंचार विभागानं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं आहे. खोदणाऱ्यानं त्यावर नोंद केली की जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना सूचना जाते. पण नकाशावर सगळा विश्वास टाकू नये. लोखंडी पाइप यंत्रानं सापडतो. प्लॅस्टिकचा पाइप, सोबत तार घातलेली नसेल तर, त्या यंत्राला दिसत नाही. अशा ठिकाणी हातानं चाचणी खड्डे घेऊन वाहिनी डोळ्यांनी पाहावी, खुणेचे दगड रोवावेत आणि मगच पोकलेन उतरवावं.

आणि तळ मोजावा: पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, त्याच त्या रेषांवर. यंत्रणा येईपर्यंत गावानं थांबायची गरज नाही. मे महिन्यात पात्र उघडं पडलं की पुलाच्या प्रत्येक पिअरवर, वाळू जिथे टेकते त्या उंचीला, रंगाची आडवी रेघ ओढावी. शेजारी तारीख लिहून फोटो घ्यावा. पुढच्या मे महिन्यात त्या रेघेखाली उघडं बांधकाम दिसलं, तर टेपनं किती फूट ते मोजून दोन्ही फोटो जोडून ग्रामपंचायतीचा ठराव तहसीलदारांकडे आणि बांधकाम विभागाकडे त्याच आठवड्यात द्यावा. जूनचा पाऊस फार लांब नसतो.