सोळांचा खेळ सहांवर कसा आला

व्हॉलीबॉलचा इतिहास म्हटला की होल्योक, वायएमसीए, विल्यम मॉर्गन आणि १८९५, एवढं सगळ्यांना पाठ असतं. मला मात्र कितीतरी वर्षं ओढ आहे ती मनिलाची. मॉर्गनचा खेळ प्रौढ नोकरदार-व्यावसायिकांसाठी होता. धक्काबुक्की न होता अंग मोकळं व्हावं, एवढीच अपेक्षा. त्याला धार आली ती फिलिपिन्समध्ये, असं माझं ठाम मत आहे.

१९१० मध्ये वायएमसीएचा एल्वूड ब्राऊन मनिलात उतरला. त्याने हा खेळ शाळांमध्ये आणि सरकारी नोकरांमध्ये असा रुजवला की पुढे तोच त्याच्या डोक्याला ताप झाला. तेव्हा आपल्या बाजूला चेंडू कितीही वेळा खेळवायची मुभा होती. एका संघाने म्हणे तो तब्बल ५२ वेळा आपसात टोलवला, मगच जाळीपलीकडे धाडला! प्रतिस्पर्धी नुसते बघत उभे. तीन स्पर्शांची मर्यादा आली ती या खोडसाळपणामुळे, असं सांगतात. आणि तिनातच चेंडू परतवायचा म्हटल्यावर एकाने तो उंच उचलून द्यायचा, दुसऱ्याने हवेत झेपावून ठोकायचा, ही जोडगोळी जमली. या फटक्याला तिथे ‘बोम्बा’ म्हणत. आपल्याकडचे स्मॅशबहाद्दर नकळत मनिलाचंच देणं लागतात.

फेब्रुवारी १९१३ मध्ये, मनिला कार्निव्हलच्या धामधुमीत, ब्राऊनने अतिपूर्वेच्या देशांच्या स्पर्धा भरवल्या. आधी नावात ‘ऑलिम्पिक’ होतं. त्यावर आक्षेप आला आणि पुढे ते गळलं. व्हॉलीबॉलला संघ दोनच, फिलिपिन्स आणि चीन. चीनने धावपटू आणि फुटबॉलपटू गोळा करून ऐनवेळी संघ उभा केला आणि तो हरला. एका बाजूला सोळा खेळाडू, चार-चारांच्या चार रांगा! एवढ्या गर्दीत चेंडूला जमिनीवर पडायला जागा तरी कुठे मिळत असेल? १९१५ मध्ये शांघायला चीनने वचपा काढला. १९१९ मध्ये सोळांचे बारा झाले, १९२७ मध्ये नऊ. अमेरिकेत १९१८ पासून सहा होते, पण आशियाने ते मनावर घेतलं नाही. नऊजणांच्या खेळात जागा बदलत फिरायचं नसतं. उंच गडी कायम जाळीशी आणि चपळ बुटका कायम मागे, त्यामुळे बुटक्यालाही संघात हक्काची जागा. माझी सहानुभूती उघडच या नऊजणांकडे आहे.

या स्पर्धा दहा वेळा झाल्या. व्हॉलीबॉलचं विजेतेपद चीन आणि फिलिपिन्सने आपसातच वाटून घेतलं. जपानला ते एकदाही मिळालं नाही. १९३४ नंतर सगळा कारभारच आटोपला. जपानला मांचुकुओचा संघ हवा होता, चीनला तो देशच मान्य नव्हता.

पुढे आशियाई खेळ सुरू झाले, पण १९५१ मध्ये दिल्लीत व्हॉलीबॉल नव्हतं. १९५४ मध्ये तर खुद्द मनिलात नव्हतं! ते आलं १९५८ मध्ये टोकियोत, आणि भांडण नको म्हणून दोन्ही तऱ्हांनी: सहांचंही, नऊंचंही. सहांच्या स्पर्धेत जपान पहिला, इराण दुसरा, भारत तिसरा. १९६२ मध्ये जकार्तात भारत रौप्यपदकापर्यंत चढला. पाकिस्तान मागे पडला, जपान मात्र हाती लागला नाही. नऊजणांचा खेळ आशियाई खेळांत दिसला तो तिथेच शेवटचा.