तेल-इंजिनातील दट्ट्याचे बळ

विहिरीवरील डिझेल इंजिन दट्ट्याच्या, म्हणजेच पिस्टनच्या बळावर चालते. नळकांड्यात वर जाणाऱ्या दट्ट्याने हवा दाबली जाऊन अतिशय तापते. तीत उडविलेले तेल पेट घेते आणि तप्त वायू दट्ट्यास खाली लोटतात. दाबास दट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणिले असता बळ निघते. दट्ट्याचा व्यास 10 सेंटिमीटर असल्यास क्षेत्रफळ सुमारे 78.5 चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरवर 50 किलो दाब धरल्यास बळ 3,925 किलो होते. दट्ट्यावरील रिंगा झिजल्यास वायू निसटतो, बळ घटते, तेल अधिक जळते आणि ऐन पाळीच्या वेळी पिकास पाणी अपुरे पडते. यास्तव बंद इंजिनाचे हँडल फिरविताना पूर्वीसारखा जोर लागेनासा झाल्यास रिंगा व झडपा विनाविलंब तपासून घ्याव्यात.