खांद्याची उधारी कमरेवर

संध्याकाळी सातला कुठल्याही जिममध्ये आरशासमोर दहा मिनिटे उभे राहा. ‘आज शोल्डर आहे’ म्हणत कुणीतरी रॉड छातीशी धरून तयार असतो. पहिल्या चार वेळा रॉड सरळ वर जातो. पाचव्या वेळी कपाळाशी अडतो. मग पोट पुढे येते, कंबर मागे वाकते, हनुवटी छताकडे वळते आणि रॉड कसाबसा वर पोहोचतो. शेजारचा मित्र ओरडतो, ‘अजून एक!’ वजन वर गेले हे खरे, पण ते नेले कुणी?

उभ्याने वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलण्याचा हा व्यायाम म्हणजे ओव्हरहेड प्रेस. तो चालू ठेवावा की त्याजागी दुसरे काही करावे, हा प्रश्न बहुधा दोघांना पडतो. एकाचा खांदा कुरकुरतो, दुसऱ्याचे वजन महिनोन्महिने एकाच आकड्यावर अडते. दोघांनीही आधी त्या वाकलेल्या कमरेकडे पाहावे.

ही कंबर ऑलिम्पिकलाही नडली होती. १९२८ ते १९७२ या काळात वेटलिफ्टिंगमध्ये प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे तीन प्रकार असत. १९७२ साली म्युनिकमध्ये सोव्हिएत संघाच्या वासिली अलेक्सेयेव यांनी तब्बल २३५ किलोचा प्रेस केला. पण तोवर प्रेसचे रूपच पालटले होते. खेळाडू इतके मागे झुकत, की ते उभे आहेत की उभ्याउभ्या बेंचप्रेस करताहेत, असा प्रश्न पडावा. किती झुकलेले चालवून घ्यायचे, यावर पंचांचे एकमत होईना. म्युनिकनंतर प्रेस स्पर्धेतून बाद झाला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये दोनच प्रकार उरले.

जिममधली कंबर मागे का वाकते, हे खांद्याच्या रचनेवरून कळते. खांदा हा उखळीचा सांधा. खुब्याची उखळ खरोखरच खोल असते, खांद्याची मात्र बशीइतकी उथळ. बशीत लिंबू ठेवावे, तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात टेकलेला असतो. म्हणून तर हात इतका चौफेर फिरतो. लिंबू घसरू नये म्हणून रोटेटर कफचे चार छोटे स्नायू त्याला पुढून, वरून आणि मागून धरून ठेवतात.

ही बशी फऱ्याच्या हाडाचा भाग आहे आणि हात वर जाताना फराही फिरतो. हात पूर्ण वर, म्हणजे १८० अंशांत नेला, तर त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश फऱ्याच्या फिरण्यातून. बरगड्यांवरचा सेराटस आणि मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस हे स्नायू फऱ्याला फिरवतात. शिवाय पाठीचा वरचा भागही थोडा ताठ व्हावा लागतो. दिवसभर लॅपटॉपवर ओणवे बसणाऱ्याची पाठ तिथे आखडलेली असू शकते. मग उरलेले अंश आणायचे कुठून? कमरेकडून उसने!

खांदेदुखीवर जिममध्ये एक ठरलेले स्पष्टीकरण ऐकू येते: ‘हात वर नेला की हाड स्नायूबंधावर घासते, म्हणून प्रेस वाईट.’ या समजाचे मूळही योगायोगाने १९७२ मधलेच. त्या वर्षी अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी खांद्याच्या टोकाचे हाड खालच्या स्नायूबंधाला घासते, असे मांडले आणि ते हाड तासण्याची शस्त्रक्रिया सुचवली. पुढे ती जगभर रुळली. मात्र २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात काही रुग्णांचे हाड खरोखर तासले, तर काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून काहीही न कापता ती बाहेर काढली. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. म्हणजे दुखण्याचा सगळा दोष त्या ‘घासण्या’वर टाकता येत नाही. हात वर नेणे हा गुन्हा नव्हे. सवय नसताना एकदम जास्त भार टाकणे, हे बऱ्याचदा खरे कारण असते.

आता अडलेल्या आकड्याचे. प्रेसमध्ये दंड आणि खांद्याचे तुलनेने लहान स्नायू कामाला लागतात, त्यामुळे तो सावकाशच वाढतो. त्यात अनेक जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की पाच किलो वाढले. शंभर किलोच्या स्क्वॉटला ही पाच टक्के वाढ, पण चाळीस किलोच्या प्रेसला साडेबारा टक्के! पाय जे सहज पेलतात, तेच खांद्यांकडून मागितले, तर कंबर मधे पडणारच. अशा वेळी व्यायाम बदलण्याआधी सव्वा किलोच्या प्लेटांची एक जोडी मिळवावी.

मग बदलायचे कुणी? त्यासाठी घरीच एक चाचणी करता येते. भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. कंबर भिंतीला दाबून धरा आणि हात सरळ ठेवून डोक्यावर न्या. कंबर न सुटता अंगठे भिंतीला टेकले, तर रॉड तुमच्यासाठी मोकळा आहे. कंबर आधी सुटली, तर तूर्तास रॉड बाजूला ठेवा.

त्याजागी पहिला पर्याय डंबेलचा. रॉड दोन्ही हातांना एकाच वाटेने नेतो. डंबेलमध्ये तळवे समोरासमोर ठेवता येतात, कोपरे थोडी पुढे घेता येतात आणि प्रत्येक खांदा आपली वाट शोधतो. दुसरा पर्याय लँडमाइनचा: रॉडचे एक टोक कोपऱ्यात टेकवायचे आणि दुसरे एका हाताने तिरपे वर ढकलायचे. हात पूर्ण उभा जात नाही, पण फरा मोकळा फिरतो. बेंचप्रेस नियमित करणाऱ्याच्या डेल्टॉइडचा, म्हणजे खांद्यावरच्या स्नायूचा, पुढचा भाग तिथेच बराच राबतो. त्याला फक्त खांदे रुंद दिसायला हवे असतील, तर मधल्या भागासाठी हलके डंबेल बाजूने वर उचलण्याचे लॅटरल रेझ पुरतात. मानेमागून रॉड ढकलण्याची मात्र बहुतेकांना काहीच गरज नाही.

रात्री झोपमोड करणारे दुखणे, पूर्वी निखळलेला खांदा किंवा दुसऱ्याने उचलूनही वर न जाणारा हात, यांवर जिममध्ये उपाय शोधू नका. डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर विशेष सावध राहा. खांदा आखडण्याचा त्रास मधुमेहींना जास्त होतो.

एक गोष्ट मात्र कुणीच सोडू नये: हात डोक्यावर नेणे. माळ्यावरचा डबा काढायला, एसटीत बॅग वर ठेवायला, साठीनंतर स्वतःचा सदरा डोक्यातून घालायला तीच हालचाल लागते. म्हणून रॉड बदला, कोन बदला, वजन निम्मे करा, पण कंबर सरळ ठेवून हात जेवढा वर जातो, तेवढा आठवड्यातून दोनदा तरी भार घेऊन न्या. चाळीस किलो कमरेने उचलण्यापेक्षा वीस किलो खांद्याने उचललेले बरे.