५०० म्हणजे १०००: घरच्या मर्यादित नेटवर टॉरचा रिले

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लेखी. बोलताना मी आकडे भराभर म्हणून टाकतो, इथे ते निवांत बघता येतील.

मागच्या वर्षी एका महिन्याच्या १९ तारखेला शिरूरच्या आमच्या घरचं नेट एकदम बसलं. ४० एमबीपीएसचं थेट २. नेमकी त्याच वेळी धाकट्या बहिणीची ऑनलाइन टेस्ट चालू होती, ती अर्ध्यात अडकली. आई म्हणाली, "केबलवाल्याला फोन लाव." मी लावला नाही, कारण चूक माझीच होती. जिन्याखालच्या जुन्या लॅपटॉपवर मी टॉरचा रिले चालवत होतो.

टॉर म्हणजे काय, ते दोन वाक्यांत. तुमचा डेटा सरळ वेबसाइटकडे न जाता जगभरातल्या स्वयंसेवकांच्या तीन कॉम्प्युटरांतून फिरून जातो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं पण कुठे जाताय ते नाही, शेवटच्याला कुठे जाताय ते कळतं पण तुम्ही कोण ते नाही. या प्रत्येक कॉम्प्युटरला रिले म्हणतात, आणि त्याचं नेट कुणीतरी आपल्या खिशातून देत असतं. (शेवटचा, म्हणजे एक्झिट रिले, घरी चालवू नका. कुणी त्यातून काही उद्योग केला तर समोर आयपी तुमच्या घरचा दिसतो, आणि कनेक्शन बहुतेक वेळा वडिलांच्या नावावर असतं.)

आता हिशोब. आमच्या प्लॅनची एफयूपी १००० जीबी, अपलोड आणि डाउनलोड दोन्ही धरून. घरचा वापर ३५० च्या आसपास: क्रिकेट, आईच्या मालिका, बहिणीचे लेक्चर. म्हटलं, ५०० टॉरला देऊ, १५० शिल्लक राहतील. सेटिंगच्या फाइलमध्ये 'अकाउंटिंगमॅक्स ५०० जीबी' लिहिलं आणि झोपलो.

गंमत अशी की रिले स्वतःसाठी काहीच ठेवत नाही. जेवढं आत येतं, तेवढंच बाहेर जातं. आणि टॉरचा मूळ नियम आत आणि बाहेर यांपैकी जो आकडा मोठा तो मोजतो, बेरीज नाही. म्हणजे मी ५०० लिहिलं, त्याने ५०० आत आणि ५०० बाहेर असं वाचलं. १९ तारखेपर्यंत टॉरने ३९० आत घेतले, ३९० बाहेर दिले. घरचे २२० धरा. झाले १०००! टॉरच्या मते मात्र अजून ११० जीबी बाकी होते. उपाय एका ओळीचा: 'अकाउंटिंगरूल सम'. मग तो बेरीज धरतो.

दुसरा घोळ बिट आणि बाइटचा. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो, आपण फाइलमध्ये मेगाबाइट लिहितो. ८ बिटचा १ बाइट, म्हणून ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ एमबी.

खरा प्रश्न पुढेच आहे. ५०० जीबीच द्यायचे असतील तर महिनाभर बारीक धार सोडायची, की थोडा वेळ जोरात सोडून मग बंद ठेवायचं?

शिरूरकडच्या चासकमान कालव्यावरचा किंवा दौंडकडच्या मुठा उजव्या कालव्यावरचा शेतकरी याचं उत्तर झोपेतही देईल. बारीक धार टेलपर्यंत पोचतच नाही, वाटेतच जिरते. म्हणून आवर्तन असतं: पाळी आली की भरून पाणी, नाहीतर कालवा कोरडा. टॉरवाल्यांचा सल्लाही अगदी हाच आहे. कायम हळू चालणाऱ्या रिलेपेक्षा काही वेळ वेगात चालणारा वापरणाऱ्याच्या जास्त कामाचा. कोटा संपला की रिले झोपतो, नवी पाळी सुरू झाली की उठतो. तोही लगेच नाही. मागच्या वेळी कोटा किती लवकर संपला ते बघून मधलीच एखादी वेळ निवडतो, नाहीतर सगळ्या जगाचे रिले एक तारखेला जागे आणि वीस तारखेला गुडुप.

कोटा लहान असेल तर महिन्याऐवजी रोजची पाळी लावा. ढोबळ नियम असा: रोज एका दिशेला जितके जीबी देणार, त्याला २० ने गुणा, तितके केबी दर सेकंदाला वेग ठेवा. माझे रोज ८ जीबी होतात, म्हणजे १६० केबी. पूर्ण भरून चालला तरी साधारण १४ तास जागा राहतो.

पण इथेच माझं गणित फसलं. १६० केबी म्हणजे सव्वा एमबीपीएस. टॉर प्रोजेक्ट साध्या रिलेकडून किमान १० एमबीपीएस मागतं. त्याहून कमी पण निदान १ एमबीपीएस असेल तर ब्रिज चालवा म्हणतं. ब्रिज हा यादीत नसलेला पहिला थांबा. जिथे सरकारने टॉर बंद केलंय तिथल्या लोकांसाठी. रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये टॉर ब्लॉक केलं, तेव्हा असेच ब्रिज लागले.

मात्र ब्रिजला आवर्तन चालत नाही. रिले झोपला तर बाकीचे हजारो आहेत. ब्रिजचा पत्ता कुणाकडे तरी एकच असू शकतो, आणि ती व्यक्ती रात्री दोनला दार वाजवेल. ब्रिज म्हणजे गावची विहीर, पाणी थोडं असलं तरी कायम हवं. म्हणून तिथे वेग कमी ठेवून २४ तास चालू, आणि महिन्याची ५०० ची मर्यादा फक्त राखणीला. आणखी एक: रिलेचाच आयपी ब्रिजला वापरू नका. रिलेची यादी जाहीर असते, ब्लॉक करणाऱ्यांकडे तो आधीच गेलेला असतो. मी ऑपरेटरकडून दुसरा स्टॅटिक आयपी घेतला.

दौंडला मामांकडे मोबाइल टॉवरवरचं वायफाय आहे. तिथे स्वतःचा आयपीच मिळत नाही, अनेक घरं मिळून एकच, त्यामुळे बाहेरून कुणी दार वाजवूच शकत नाही. त्यांच्या जुन्या अँड्रॉइडवर ऑर्बॉट टाकून काइंडनेस मोड लावला. त्यामागे स्नोफ्लेक नावाची पद्धत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणमध्ये निदर्शनं झाली, नेटवर बंधनं आली, तेव्हा हिचा वापर झपाट्याने वाढला. यात स्वतःचा आयपी लागत नाही, आणि फोन मध्येच बंद झाला तरी समोरच्याला दुसरा कुणीतरी मिळतो. फक्त वायफायवर आणि चार्जिंगवर चालेल अशी खूण करा, नाहीतर रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक दुपारपर्यंत संपेल. मामांनी विचारलं, "बिल वाढणार का रे?" म्हटलं, "मामा, तुम्ही हा फोन फक्त टीव्हीमागे चार्जिंगला राहू द्या."

शिरूरचा ब्रिज अजून जिन्याखालीच आहे. बहिणीची टेस्ट असली की आदल्या रात्री मी तो बंद करतो. बंद होताना टॉर नवी जोडणी घेत नाही, चालू असलेल्यांना ३० सेकंद देतो. तेवढी घाई कधी नसते.